कपाटावरचा कीबोर्ड, प्रिंटरची वायर

आपल्या ओळखीच्या दर दुसऱ्या घरात एक कीबोर्ड असतो. असतोच. कपाटावर, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला, शेजारी बंद पडलेला मिक्सर आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल. दहावीच्या सुट्टीत क्लास लावलेला असतो, 'हॅपी बर्थडे' दोन्ही हातांनी यायला लागेपर्यंत उत्साह टिकतो, मग बारावी, सीईटी, कॅम्पस, ईएमआय. कीबोर्ड वर जातो. अॅडॉप्टर हरवतो. आणि आपण ऑफिसातून आल्यावर फोनवर कुणीतरी बेडरूममध्ये बसून केलेलं झकास गाणं ऐकतो आणि म्हणतो, यार, आपल्यालाही काहीतरी करायचं होतं राव.

तर मंडळी, तो कीबोर्ड खाली काढा. धूळ पुसा. आता त्याची पाठ बघा.

पाठीमागे, अॅडॉप्टरच्या भोकाच्या आसपास, एक चौकोनी पोर्ट दिसतंय? वरचे दोन कोपरे किंचित कापलेले? हेच ते प्रिंटरला असतं तसं यूएसबी. त्यावर 'यूएसबी टू होस्ट' किंवा नुसतं 'यूएसबी' लिहिलेलं असेल. हे असेल तर तुमची लॉटरी लागली, कारण आता फक्त प्रिंटरची केबल लागणार आहे. दुकानात जाऊन प्लीज 'मिडी केबल द्या' म्हणू नका, उगाच म्युझिकवाला भाव लागेल. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'प्रिंटरची यूएसबी केबल' म्हणायचं, बास. लॅपटॉप नवा असेल आणि त्याला नुसतं टाइप-सी असेल तर सोबत एक छोटा अॅडॉप्टर. काही कीबोर्डांना पेन ड्राइव्हचं चपटं पोर्टही असतं, 'यूएसबी टू डिव्हाइस' लिहिलेलं. ते फाईल ठेवायला. लॅपटॉप त्याला जोडून काहीही होत नाही.

चौकोनी पोर्ट नाही, पण पाच टाचण्यांची दोन गोल भोकं आहेत? ही जुनी मिडी. तीही चालते. त्यासाठी गोल टोकाची, दुसऱ्या बाजूला यूएसबी असलेली केबल मिळते. इथे फक्त एक गंमत: केबलच्या ज्या टोकावर 'इन' लिहिलंय ते कीबोर्डच्या 'आउट'मध्ये लावायचं. कीबोर्डमधून बाहेर, कॉम्प्युटरच्या आत. मात्र अगदी स्वस्तातल्या बिननावाच्या केबल्स जलद वाजवलं की सूर गिळतात. इथे दोनशे रुपये वाचवू नका.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं हेडफोनचं भोक असेल, जसं कॅसिओच्या छोट्या एसए-४६ ला किंवा यामाहाच्या एफ-५१ ला, तर त्याचा आवाज रेकॉर्ड होईल, पण आज आपण ज्या जादूबद्दल बोलतोय ती होणार नाही.

जादू काय? ती समजली की पुढच्या सगळ्या भानगडी आपोआप सुटतात. त्या वायरमधून आवाज जात नाही. परत सांगते, कारण इथेच सगळे आपटतात: वायरमधून आवाज जात नाही! जाते ती बातमी. 'साठ नंबरची पट्टी दाबली, जोर नव्वद.' 'साठ नंबरची पट्टी सोडली.' एवढंच. मधल्या सप्तकाचा सी, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एक, हा मिडीच्या हिशोबात साठ नंबर. जोर मोजायचा तो १२७ पर्यंत. मास कॉमला आम्हाला शिकवायचे की बातमी आणि घटना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मिडी म्हणजे नेमकं तेच. घटना तुमच्या बोटांखाली घडते, कॉम्प्युटरला फक्त रिपोर्ट मिळतो आणि त्या रिपोर्टवरून तो स्वतःच्या आवाजात गाणं म्हणतो.

ही भाषा १९८३ ची आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, एका वायरने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. त्यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तीस वर्षांनी! २०२० मध्ये मिडी २.० आलं, पण तुमच्या कपाटावरचा कीबोर्ड पहिलंच मिडी बोलतो आणि आजचा लॅपटॉप ते निमूट ऐकतो. ज्या जगात दोन वर्षांपूर्वीचा चार्जर चालत नाही, तिथे चाळीस वर्षं जुनी वायर अजून चालते.

आता सॉफ्टवेअर. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. वायर लावा, कीबोर्ड सुरू करा, मग गॅरेजबँड उघडा, नवा सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंट ट्रॅक घ्या आणि पट्टी दाबा. वाजेल. विंडोजवाल्यांसाठी माझं मत रीपर. साठ दिवस पूर्ण चालतं, काहीही कुलूपबंद नसतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स साठ डॉलरला. दिसायला सरकारी ऑफिससारखं आहे, पण साध्या मशीनवरही पळतं. एफएल स्टुडिओचं ट्रायल घेणाऱ्यांना एक सांगून ठेवते: त्यात काम सेव्ह होतं, पण लायसन्स घेईपर्यंत परत उघडत नाही. आणि ऑडॅसिटी, जे सगळ्यांकडे असतं, ते आवाज छान रेकॉर्ड करतं, मिडी अजिबात नाही. त्यात तासभर कीबोर्ड शोधत बसू नका.

रीपरमध्ये काय करायचं? प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर तुमच्या कीबोर्डचं नाव येतं, तिथे इनपुट चालू करा. नाव नसेल तर आधी कीबोर्ड सुरू आहे ना बघा, मग सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. निम्म्या केसेस इथेच सुटतात. जुन्या मॉडेलला कंपनीच्या साइटवरून यूएसबी-मिडी ड्रायव्हर घ्यावा लागतो. मग नव्या ट्रॅकवर एखादं व्हर्च्युअल वाद्य टाका, ट्रॅकचं लाल बटण दाबा, वाजवा.

आणि इथे पहिली तक्रार येते. 'अगं, पट्टी दाबली की जरा वेळाने वाजतंय!' याला म्हणतात लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज सुटा सुटा पाठवत नाही, डब्यात भरून पाठवतो. डबा मोठा तर भरायला वेळ जास्त. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील आणि डबा १०२४ चा असेल, तर तेवीस मिलिसेकंद तिथेच गेले. ऐकायला काहीच वाटत नाही ना? हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण आठ मीटर जातो. म्हणजे तुम्ही स्टेजवर बसून पेटी वाजवताय आणि ती तुम्हाला आठव्या-नवव्या रांगेतून ऐकू येतेय. कसं वाजवणार? डबा २५६ चा केला की हेच सहा मिलिसेकंदांवर येतं. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ फॉर ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाका आणि सेटिंगमध्ये तो निवडून डबा, म्हणजे बफर, कमी करा. चरचर ऐकू यायला लागली की एक पायरी वर. आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा! कितीही महाग असोत. वायरवाला लावा.

दुसरी तक्रार: प्रत्येक सूर डबल वाजतो. एक कीबोर्डच्या स्पीकरमधून, एक लॅपटॉपमधून. कीबोर्डच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' शोधा आणि ऑफ करा. आता पट्ट्या फक्त लॅपटॉपशी बोलतील. (काम झालं की परत ऑन करा, नाहीतर घरातले म्हणतील कीबोर्ड बिघडवलास.)

तिसरी तक्रार माझ्या आत्याची. ती जरा सविस्तर सांगते, कारण या सगळ्या भानगडीत मी पडले तीच तिच्यामुळे.

आत्या डोंबिवलीला असते. वय सहासष्ट. तिच्या भजनी मंडळात गेली तीसेक वर्षं पेटी तिची. मंडळ जे म्हणतं त्यातल्या बऱ्याच अभंगांच्या चाली तिने स्वतः बांधलेल्या आहेत. शब्द पुस्तकात आहेत, चाली कुठेच नाहीत. तिच्या डायरीत फक्त पहिली ओळ आणि बाजूला 'काळी ४, सावकाश' किंवा 'पांढरी ५, मधे उचल' एवढंच. बाकी सगळं तिच्या बोटांत. आणि बोटांना आता संधिवात आहे. त्यात डावा खांदा धरलेला, त्यामुळे भाता हलत नाही. पेटी वाजवायची म्हणजे उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. तिचे दोन्ही गेले. मंडळात आता मोबाइलवर तानपुरा लावतात आणि चाली हळूहळू सपाट होत चालल्यात. 'परवा त्या म्हणत होत्या ना, ती माझी चाल नव्हतीच गं,' असं ती अगदी सहज म्हणाली. मला ते सहज वाटलं नाही.

आतेभावासाठी घेतलेला, इंडियन टोन असलेला कीबोर्ड घरात होता. आतेभाऊ बंगळुरूला. भाता नाही, म्हणजे एक अडचण गेली. पण बोटं? आत्याला चाल येत होती, तिच्या लयीत वाजवता येत नव्हती. नुसता फोन ठेवून रेकॉर्ड केलं असतं तर तिची अडखळणारी बोटं तेवढी रेकॉर्ड झाली असती. ते तिला अजिबात नको होतं. 'माझं वाजवणं नाही, चाल राहिली पाहिजे.'

आणि इथे ती वायरमधली बातमी कामाला येते. आवाज ताणला की रबरासारखा बिघडतो, बातमी ताणली तरी बिघडत नाही. आत्याने तिला झेपेल तितक्या संथ वाजवलं. मेट्रोनोमची टिकटिक तिला सहन होईना ('हे काय घड्याळ लावलंस कानात!'), म्हणून ती बंदच ठेवली. प्रोजेक्टचा टेम्पो १२० होता, रेकॉर्ड झाल्यावर तो १५० केला. झालं! सगळं सव्वापट जलद, आणि सूर तिथल्या तिथे. १५० जास्त वाटला म्हणून १४४. आत्या मान हलवत ऐकत होती आणि मग म्हणाली, 'हां. ही.'

दुसरी गंमत जोराची. स्क्रीनवर प्रत्येक सूर म्हणजे एक छोटी आडवी पट्टी, आणि प्रत्येकाला त्याचा जोराचा आकडा. तिची अनामिका आणि करंगळी जिथे आली तिथे आकडा पस्तीस-चाळीस, बाकी बोटांचा ऐंशीच्या वर. चाळीसचे पंच्याहत्तर केले की दुखरं बोट ऐकू येत नाही. सुराची जागा आणि वेळ तीच.

तिसरी गोष्ट म्हणजे पट्टी बदलणं. मंडळात आत्ता पुढे गाणाऱ्या काकूंना काळी चार चढते, त्यांना पांढरी पाच हवी. सगळे सूर निवडायचे आणि एक घर खाली. दोन क्लिक.

एका बटणापासून मात्र लांब राहा. क्वांटाइझ. हे बटण प्रत्येक सूर ओढून नेमक्या मात्रेवर बसवतं, अगदी शाळेच्या रांगेसारखं. डान्स ट्रॅक करत असाल तर हरकत नाही. पण भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत आत्या काही सूर जाणूनबुजून मागे ठेवते, समेवर येण्याआधी जरा रेंगाळते. क्वांटाइझ करून ऐकवलं तेव्हा तिने एका ओळीत निकाल दिला: 'हे शाळेच्या बँडने वाजवलंय.' अन्डू केलं. एक सूर मात्र मला खरंच चुकलेला वाटत होता, कोमलच्या जागी शुद्ध. तो सरकवू का विचारलं तर म्हणाली, 'हात नको लावूस, तो तसाच आहे.' सॉफ्टवेअरला काय दुरुस्त करता येतं आणि काय करायला हवं, यातला फरक ज्याचं गाणं आहे त्यालाच विचारायचा असतो.

तर तिची तक्रार. हे सगळं झाल्यावर ती म्हणाली, 'पण ही पेटी नाही. हा पियानो आहे. अभंग पियानोवर?' बरोबर होतं. कीबोर्डवर तिने हार्मोनियमचा टोन लावला होता, पण टोन वायरमधून येत नाही, लॅपटॉपवर माझा फुकटचा पियानो वाजत होता. फुकटातली हार्मोनियम शोधण्यापेक्षा सोपा रस्ता असा की बातमी उलटी पाठवायची. त्याच ट्रॅकचं मिडी आउटपुट कीबोर्डकडे वळवा. आता लॅपटॉप वाजवणारा आणि कीबोर्ड वाद्य. आत्या समोर हात मांडीवर ठेवून बसलेली आणि कीबोर्डमधून तिचीच चाल, तिच्या लयीत, हार्मोनियमच्या आवाजात. बऱ्याच मॉडेलांवर इथे परत पियानोच वाजतो, कारण कुठला टोन हवा ही बातमी गेलेलीच नसते. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर, वाजवण्याआधी, कीबोर्डवर टोनचं बटण एकदा परत दाबा, म्हणजे तेही नोंदलं जातं. कॅसिओच्या अनेक मॉडेलांत ऑटो-रिदमही आपणहून वायरमध्ये उतरत नाही, 'अकॉम्प आउट' चालू करावं लागतं.

आता कीबोर्डमधून येणारा तो आवाज पकडायचा कसा? यामाहाच्या ई-३७३ सारख्या काही मॉडेलांत त्याच यूएसबी वायरमधून आवाजही जातो, तिथे प्रश्नच नाही. बाकीच्यांसाठी हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, पण ती लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्र भोकात खुपसू नका. ते भोक माइकसाठी, म्हणजे कुजबुजीसाठी बनवलेलं असतं. त्यात कीबोर्ड ओरडला की आवाज फाटतो, शिवाय स्टिरिओचा मोनो होतो. एक साधा, दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस घ्या किंवा मित्राचा आणा. त्याच्यात माइक लावून गाणंही रेकॉर्ड होतं, आणि ते करायलाच हवं, कारण कीबोर्डवर मींड नाही. पिच बेंडचं चाक असलं तरी ते गळ्याचं काम करत नाही. ही तक्रार जुनीच आहे. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये चक्क पेटीवरच बंदी घातली होती, आणि ती १९७१ पर्यंत चालली! तेव्हा आत्याची प्रत्येक चाल दोन ट्रॅकवर आहे: एक वाजवलेली आणि एक तिने गुणगुणलेली. कुठे स्वर ओढून न्यायचा ते दुसऱ्या ट्रॅकवर ऐकायचं.

सेव्ह करताना तीन गोष्टी करा. सॉफ्टवेअरची स्वतःची प्रोजेक्ट फाईल, जी उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेलच असं नाही. शिवाय .मिड फाईल, जी कुठेही उघडते आणि अख्खी चाल काही केबीत मावते, व्हॉट्सअॅपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलापेक्षा लहान. आणि .वेव्ह, मिनिटाला साधारण दहा एमबी, जी मंडळातल्या काकूंना नुसती वाजवता येईल. फाईलच्या नावात पट्टी लिहा. 'न्यू प्रोजेक्ट फायनल २' असं नाव दिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

डायरीत तेवीस चाली आहेत. चौदा झाल्या. एका बैठकीत दोनच होतात, तिसरीला बोटं सुजतात आणि मग आम्ही चहा करतो. पुढच्या शनिवारी परत जातेय. आत्याला दिवाणावर बसून वाजवायचंय आणि माझा लॅपटॉप डायनिंग टेबलवर असतो, त्यामुळे येताना लांब वायर आण म्हणालीय. यूएसबीची वायर पाच मीटरपर्यंत चालते, त्यापुढे काम बिघडतं. मी तीन मीटरची घेतलीय. प्रिंटरचीच.